टेलचं पाणी, टेलचे पक्षी

कुंभकोणममध्ये व्हॅन ठरवायला गेलं की ड्रायव्हर पहिला प्रश्न विचारतो, "नवग्रहम?" त्याचं काही चुकत नाही. सूर्यनारकोविलपासून तिरुनळ्ळारपर्यंतची नवग्रहांची नऊ देवळं या गावाच्या आसपास विखुरलेली आहेत आणि पहाटे निघून रात्रीपर्यंत नऊही ग्रह उरकून आणणं हा इथल्या व्हॅनवाल्यांचा बारमाही धंदा आहे. बारा-चौदा सीट, खिडक्यांना पडदे, पुढच्या काचेपाशी देवाची तसबीर आणि तिला ताजा हार. पक्षी बघणाऱ्यांसाठी याहून सोयीची गाडी नाही, कारण तिच्या ड्रायव्हरला दर अर्ध्या तासाने थांबायची आणि प्रवासी परत येईपर्यंत न कुरकुरता बसून राहायची सवय असते. जायचं ठिकाण कोडियक्करै म्हणून सांगितलं तर तो विचारतो, "अमावासै?" आडी आणि तै महिन्यांतल्या अमावास्यांना तिथे समुद्रस्नानाला माणसांची रीघ लागते. अमावास्या नाही, देऊळही नाही, नुसते पक्षी बघायचे आहेत, हे पटवायला एक डिग्री कॉफी खर्ची पडते. मग ड्रायव्हर अण्णा आपल्या बाजूचे होतात आणि पुढे आपल्याआधी त्यांनाच पक्षी दिसू लागतात.

कुंभकोणमहून कोडियक्करैची जमीन संपते तिथपर्यंत साधारण शंभर-एकशे दहा किलोमीटर भरतात. सरळ गेलं तर तीन तासांत समुद्र दिसेल. पण हा रस्ता दोन दिवसांत करावा असं मी सुचवेन, कारण बघायचं आहे ते शेवटच्या टोकालाच नाही. कावेरीचं गोडं पाणी भाताच्या खाचरांतून, तळ्यांतून, तिवरांतून आणि मिठागरांतून जात जात खारं कसं होतं, आणि त्या प्रत्येक पायरीवर पक्षी कसे बदलतात, हे ओळीने बघायला मिळतं ते याच रस्त्यावर.

या पाण्याचा उगम आपल्यापुरता मेट्टूरला धरायचा. मेट्टूरचं धरण १९३४ साली पूर्ण झालं. साठा पुरेसा असेल तर १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायचे, ही प्रथा खोऱ्यातल्या शेतकऱ्याला पंचांगासारखी पाठ असते. सोडलेलं पाणी कल्लणैला येतं. करिकाल चोळ राजाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्राचीन बंधारा आजही कामावर आहे. तिथून कावेरी आणि वेण्णार अशा मुख्य वाटा फुटतात, त्यांना पुढे अरसलार, कोरैयार, पामणियार असे कितीतरी फाटे फुटतात आणि पुष्कळशा नद्यांचं शेवटी कालव्यात रूपांतर होतं. महाराष्ट्रातल्या कुठल्याही कालव्यावरच्या शेतकऱ्याला 'टेलला पाणी पोचत नाही' हे वाक्य शिकवावं लागत नाही. तमिळमध्ये या टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, 'कडैमडै' म्हणतात आणि तक्रार तीच आहे. नागपट्टिणम आणि तिरुवारूर जिल्ह्यांतले शेतकरी हे टेलचे शेतकरी. पण त्यांच्याही पुढे, कालवा जिथे चिखलात विरून जातो तिथे, आणखी एक हक्कदार उभा असतो. त्याच्या नावावर सातबारा नाही आणि पाणीवाटपाच्या सभेत त्याला खुर्ची नाही.

अगदीच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. कावेरी लवादाने २००७ साली ७४० टीएमसी पाणी राज्याराज्यांत वाटून दिलं तेव्हा १० टीएमसी पर्यावरणासाठी वेगळे काढले आणि ४ टीएमसी समुद्रात अटळपणे जाणारे म्हणून बाजूला ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तमिळनाडूचा वाटा ४१९ वरून ४०४.२५ टीएमसीवर आणला, पण या चौदा टीएमसीला हात लावला नाही. नदीचं समुद्राला मिळणं कागदावर 'अटळ' या सदरात यावं, हे मला या सगळ्या निवाड्यातलं सर्वांत बोलकं कलम वाटतं. समुद्रात जाणारं पाणी वाया गेलं, असं आपणही कोकणातल्या नद्यांबद्दल किती सहज म्हणतो! या रस्त्याने गेलं की ते वाया जाणारं पाणी कोण कोण खातं-पितं ते कळतं.

कुंभकोणम सुटलं की दोन्ही बाजूंना भात. नोव्हेंबरनंतर सांबा हंगामाचं पीक उभं असतं, म्हणून रस्त्याकडेच्या खाचरांत गायबगळे, वंचक, विजेच्या तारेवर कोतवाल आणि खंड्या, हे आपल्या ओळखीचेच लोक भेटतात. त्यांच्यासाठी गाडी थांबवू नये, असं नवशिक्यांना सांगावंसं वाटतं. सांगितलं तरी ते थांबवतात. कापणी झालेल्या शेतांत मात्र जरूर थांबावं. हजारभर पाळीव बदकांचा कळप घेऊन एखादा राखणदार लांब काठी हातात धरून चाललेला दिसेल. सांडलेलं भात, गोगलगायी आणि किडे खात हे कळप गावोगाव फिरतात. मेंढपाळ शेतात मेंढ्या बसवतात, तसाच हा पाण्यातला व्यवहार.

नीडामंगलमला, तंजावरच्या मराठा राजवटीने यात्रेकरूंसाठी बांधलेल्या छत्रांपैकी यमुनांबाळ छत्रम आहे. सेतुयात्रेला निघालेल्या माणसाला तिथे मुक्काम आणि जेवण मिळे. पुढे मन्नारगुडी. तिथून तंजावरच्या रस्त्याला थोडं मागे वळलं की वडुवूरचं तळं लागतं. हे सिंचनाचं तळं. ऑगस्टपासून त्यात कालव्याचं पाणी येतं, मग ईशान्य मोसमी पाऊस ते भरून काढतो आणि उन्हाळ्यात ते जवळजवळ कोरडं पडतं. १९९९ मध्ये ते पक्षी अभयारण्य झालं, २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं. मूळ तळं बांधणाऱ्याच्या डोक्यात यातलं काही नव्हतं. त्याला भात पिकवायचा होता. तळ्यातल्या बाभळींवर पाणकावळे, सापमाने, शराटी आणि रातबगळे वसाहत करतात, उघड्या पाण्यात थापट्या, तलवार बदक आणि भुवई बदक हे हिमालयापलीकडचे पाहुणे तरंगत असतात. बांधावर झाडांची सावली आहे, म्हणून डबा इथेच सोडावा.

याच भागातला खरा टेलचा पक्षी म्हणजे मुग्धबलाक. मुत्तुपेट्टैजवळच्या उदयमार्तंडपुरमच्या तळ्यावर त्याची मोठी वीण होते. या बगळ्याहून मोठ्या, मळकट पांढऱ्या करकोच्याची चोच मिटली तरी मधे फट राहते. कुंभकोणम हे विड्याच्या पानांचं गाव, तेव्हा अडकित्त्याची आठवण होणं साहजिक आहे. पूर्वीच्या पक्षिशास्त्रज्ञांनाही ती झाली आणि ही चोच गोगलगायीचं कवच फोडायला आहे असं त्यांनी लिहून ठेवलं. प्रत्यक्षात कवच बहुतेकदा अखंडच राहतं. वरच्या चोचीने गोगलगाय दाबून धरायची, खालच्या चोचीचं टोक झाकणाच्या कडेने आत घालून स्नायू कापायचा आणि मांस ओढून काढायचं, असं ते कसबाचं काम आहे. पिल्लांच्या चोचीला फट नसते, तरी ती गोगलगायी खातात, म्हणजे फट ही हत्याराची मूळ गरज नसून बहुधा निसरडं कवच पकडायची नंतरची सोय असावी. भाताच्या शेतातली मोठी गोगलगाय हे या पक्ष्याचं मुख्य अन्न. गोगलगायीला पाणी हवं, पाण्याला मेट्टूर हवं. धरणाचे दरवाजे उशिरा उघडले तर शेतकऱ्याची लावणी लांबते, तळं उशिरा भरतं आणि झाडावरची घरटीही लांबतात.

तिरुतुरैपूंडी ओलांडलं की रस्त्याला मिठाचा वास येऊ लागतो. वेण्णारच्या कोरैयार, पामणियार या शाखा मुत्तुपेट्टैच्या खाजणात जिथे रिकाम्या होतात, तिथे तमिळनाडूतल्या सर्वांत मोठ्या तिवरवनांपैकी एक पसरलेलं आहे. होडी भाड्याने मिळते. खाजणात शिरलं की कोकणी माणसाला एकदम घरी आल्यासारखं होतं, कारण चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या तशाच, तिवरांची चिखलातून वर आलेली श्वासमुळं तशीच. एक नांगी अंगाएवढी मोठी असलेले नर खेकडे तीच नांगी हलवून मादीला बोलावत असतात. खाताना ती नांगी निरुपयोगी. लहान नांगीने चिखल तोंडात घालायचा, त्यातले सूक्ष्म जीव गाळून घ्यायचे आणि उरलेली गोळी बाहेर ठेवायची. मादीच्या दोन्ही नांग्या लहान असतात, त्यामुळे तिला दोन्ही नांग्यांनी जेवता येतं.

घरच्यासारखं वाटतं, पण एक मोठा फरक आहे. मुंबईत किंवा रत्नागिरीला उधाणाच्या भरतीला पाणी कित्येक मीटर चढतं आणि दिवसातून दोनदा खाजणं धुऊन निघतात. इथल्या भरती-ओहोटीत एक मीटरचाही फरक पडत नाही. त्यामुळे एकदा का तिवरं तोडली गेली की उघड्या पडलेल्या जमिनीवर पाणी साचतं, उन्हाने आटतं, मिठाचं प्रमाण चढत जातं आणि मग तिवराचं रोपही तिथे जगत नाही. जुन्या काळी तिवरांची पट्ट्यापट्ट्याने तोड होत असे, तिचे हे डाग पिच्चावरम आणि मुत्तुपेट्टै दोन्हीकडे होते. एम. एस. स्वामिनाथन यांच्या चेन्नईतल्या संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याबरोबर यावर जो उपाय केला तो कुठल्याही पाटकऱ्याला पटेल असा आहे: एक मुख्य चर, त्याला दोन्ही अंगांनी तिरके उपचर, माशाच्या काट्यासारखा आराखडा. थोडीशीच भरती असली तरी ती चरांतून आतवर जाते, मीठ धुते आणि कडेने लावलेली तिवरं धरतात. स्वामिनाथन यांचा जन्म १९२५ साली कुंभकोणमचाच. जगाला ते गव्हाचे आणि भाताचे शास्त्रज्ञ म्हणून माहीत, पण या चरांमध्येही खोऱ्यातल्या माणसाची पाण्याची समज दिसते.

मुक्काम वेदारण्यमला करावा. गाव देवळाचं आहे आणि मिठाचं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरांचे चौकोन आणि त्यांच्या कडेला झावळ्यांनी शाकारलेल्या मिठाच्या राशी. तमिळनाडूत तूत्तुक्कुडीनंतर मिठाचं मोठं उत्पादन इथलंच. १९३० मध्ये दांडीयात्रेपाठोपाठ राजगोपालाचारींनी दक्षिणेतला मिठाचा सत्याग्रह केला तो इथे. १३ एप्रिलला ते तिरुचिरापळ्ळीहून पायी निघाले आणि २८ एप्रिलला वेदारण्यमला पोचले. तंजावर, कुंभकोणम, नीडामंगलम, मन्नारगुडी, तिरुतुरैपूंडी हा त्यांचा मार्ग, म्हणजे जवळजवळ आपल्या व्हॅनचाच. सत्याग्रहींना आसरा देणाऱ्याला शिक्षा होईल असं तंजावरचे कलेक्टर थॉर्न यांनी जाहीर केलं होतं. कुंभकोणमचे पंतुलु अय्यर यांनी तरीही त्यांना घरी जेवू घातलं आणि सहा महिन्यांची कैद पत्करली. बाकी ठिकाणी लोकांनी जेवणाच्या पुड्या झाडांच्या फांद्यांना बांधून ठेवल्या. ३० एप्रिलला मीठ उचललं गेलं आणि राजाजींना अटक झाली. ज्या दलदलीतून ते मीठ उचललं, तीच आता आपल्याला बघायची आहे, फक्त दुर्बिणीतून.

वेदारण्यमची महादलदल पूर्वेला कोडियक्करैपासून पश्चिमेला अदिरामपट्टिणमपर्यंत सुमारे ४८ किलोमीटर लांब आहे. समुद्राला समांतर, मधे नुसता वाळूचा बांध. कोरोमंडलचा किनारा उत्तर-दक्षिण येता येता इथे काटकोनात पश्चिमेला वळतो. त्या कोपऱ्याचं इंग्रजी नकाशावरचं नाव पॉइंट कॅलिमेअर. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचं लक्ष साठच्या दशकाच्या सुरुवातीला या जागेवर गेलं, १९६७ मध्ये अभयारण्य झालं आणि २००२ मध्ये ३८,५०० हेक्टरचा सगळा पाणथळ पट्टा रामसर यादीत आला.

पहाटे दलदलीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर व्हॅन उभी करायची आणि शक्यतो आतच बसायचं. पक्षी माणसाला घाबरतात, गाडीला तितकेसे नाही. दूरवर गुलाबी-पांढरी रेघ दिसते ते रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. ठाण्याच्या खाडीत येतात त्यांत छोटे रोहित जास्त. ते पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. इथे मोठे रोहित जास्त, आणि त्यांची गाळणीही जाड. मान खाली घालून, चोच उलटी करून ते चिखलाचं पाणी जिभेने आत-बाहेर खेळवतात आणि खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी, अळ्या, शिंपल्यांची पिल्लं चोचीतल्या कडांवर अडकवतात. पिसांचा रंग या अन्नातून येतो. भारतातली त्यांची मोठी वीण कच्छच्या रणात होते. रणातलं पाणी आणि इथलं पाणी यांच्यात एक साम्य आहे: दोन्हीकडे पाऊस आणि ऊन यांच्यात खारेपणाची ओढाताण चालते.

ती ओढाताण समजली की इथला सगळा हंगाम समजतो. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस, वर्षातल्या पावसाचा मोठा हिस्सा त्याच्याच खात्यावर. पाऊस आणि कालव्यांचं टेलचं पाणी मिळून दलदल भरते, मीठ उतरतं, मासळी आणि किडे फोफावतात. बदकं या दिवसांत. जानेवारीपासून पाणी आटत जातं, मीठ चढतं, चिखलाच्या पाट्या उघड्या पडतात आणि तिथे चिखलपक्ष्यांची गर्दी होते. उन्हाळ्यात ते इतकं खारं होतं की मासाही तगत नाही. भरतीचं घड्याळ इथे दुबळं असल्यामुळे कुठली पाटी उघडी आणि कुठली बुडालेली हे पुष्कळदा वारा ठरवतो. जोराचा वारा उथळ पाणी एका अंगाला ढकलून नेतो आणि पक्षी त्याच्या मागून चालत जातात. म्हणून कोकणातल्यासारखं भरतीचं कोष्टक घेऊन येण्यात अर्थ नाही. आदल्या संध्याकाळी वारा कुठून होता हे चहाच्या टपरीवर विचारावं.

चिखलपक्षी ओळखणं हे पक्षीनिरीक्षकाच्या संयमाची परीक्षा आहे. सगळे राखी-तपकिरी, सगळे सतत चालणारे. नवख्याने रंगाकडे दुर्लक्ष करून चोचीकडे आणि चालीकडे बघावं. चिखल्या धावतो, थांबतो, बघतो, टिपतो. त्याचे डोळे मोठे, चोच आखूड. टिलवे आणि तुतवार थांबत नाहीत, चोचीने चिखल शिवत जातात, कारण चोचीच्या टोकाला दाब ओळखणाऱ्या सूक्ष्म कोशिका असतात आणि त्यांना न दिसणारा किडा चोचीला कळतो. मळगुजा पोटापर्यंत पाण्यात उभा राहून खोल खुपसतो. उचाट वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. एकाच चिखलात इतक्या जाती नांदतात त्या प्रत्येकीचा मजला वेगळा असतो म्हणून.

यातला छोटा टिलवा पंचवीस ग्रॅमच्या आसपासचा. तो आणि वाकड्या चोचीचा टिलवा दोघेही सैबेरियाच्या टुंड्रातून येतात. तिथलं एक गणित इथे बसून वाचता येतं. टुंड्रात लेमिंग नावाच्या उंदरांची संख्या काही वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि कोसळते. लेमिंग भरपूर असतात त्या वर्षी कोल्हे त्यांच्यावर गुजराण करतात. ते संपले की कोल्हे पक्ष्यांच्या घरट्यांकडे वळतात. मग त्या हिवाळ्यात दक्षिणेला पोचणाऱ्या थव्यांत पहिल्या वर्षाची पोरं फार कमी असतात. भाताच्या देशात बसून सैबेरियातल्या उंदरांचा हिशेब लागतो तो असा.

हा हिशेब लागायचं एक कारण मुंबईत आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, कोडियक्करैला गेली कित्येक दशकं पक्ष्यांना कडी घातली आहेत. १९५९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सालिम अलींनी भारतभर कडी घालण्याचं मोठं काम सुरू केलं त्यामागे एक शंका होती: १९५७ मध्ये कर्नाटकात उद्भवलेला क्यासनूर जंगलाचा ताप स्थलांतरी पक्ष्यांच्या गोचिडांतून आला असेल का? ती शंका टिकली नाही, पण पक्ष्यांच्या वाटा कळू लागल्या. १९८० पासून कोडियक्करै हे या कामाचं प्रमुख केंद्र बनलं. पक्षी इजा न करता पकडायची विद्या बिहारच्या मीरशिकार समाजातल्या पारध्यांकडून आली. ज्या हातांनी पूर्वी बाजारासाठी जाळी लावली त्याच हातांनी आता शास्त्रासाठी. अॅल्युमिनियमच्या कड्यावर क्रमांकासोबत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा, अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि सोव्हिएत काळात तिकडच्या शिकाऱ्यांच्या हाती लागलेल्या कड्यांची माहिती टपालाने मुंबईला येत असे. चमच्यासारख्या चोचीचा तुतवार, जो रशियाच्या अगदी ईशान्य टोकाला वीण करतो आणि आज जगातून नाहीसा होण्याच्या बेतात आहे, तोही ऐंशीच्या दशकात इथे नोंदला गेला.

त्या दशकाशी तुलना केली तर छोट्या चिखलपक्ष्यांची संख्या खूप घटली आहे, असं बीएनएचएसच्या अभ्यासकांनीच सांगितलं आहे. कारणं एक नाही. वरून येणारं गोडं पाणी कमी झालं. दलदलीचा मोठा भाग औद्योगिक मिठागरांनी व्यापला, तिथे बांध घातल्याने पाण्याची खोली आणि खारेपणा पक्ष्यांच्या सोयीने बदलत नाही. शिवाय सैबेरिया ते इथपर्यंतच्या वाटेवर आणखी किती जागा बुजल्या तेही यात येतं. मिठागर वाईटच असं नाही, उथळ मिठागरांत शेकाट्यांना आणि रोहितांना चांगलं खायला मिळतं. पण रोहिताचे पाय लांब आहेत. टिलव्याचे पाय बोटभर. पाणी चार बोटांनी वाढलं की रोहिताला फरक पडत नाही आणि टिलव्याची पंगत उठते.

दुपारी दलदल सोडून जंगलात शिरावं. पालै, म्हणजे आपली खिरणी, आणि पिलूच्या झाडांचं हे बुटकं, कोरडं, तरी सदाहरित जंगल. ऑक्टोबरात श्रीलंकेकडे निघालेले रानपक्षी इथे पोट भरून घेतात, कारण पुढे समुद्र आहे. नवरंग पक्षी त्यांतलाच. सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास त्याची शीळ ऐकू येते म्हणून तमिळमध्ये त्याला सहा वाजताचा पक्षी म्हणतात. मोकळ्या माळावर काळवीट चरतात, त्यांच्या सोबतीला रानटी झालेली तट्टं. कर्जतजवळच्या रेहेकुरीला काळवीट बघितलेल्या माणसाला समुद्राच्या गाजेसमोर काळवीट बघताना चमत्कारिक वाटतं. दोन्हीकडे त्याचा शत्रू एकच, माळ गिळत चाललेली वेडी बाभूळ. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आदळलं तेव्हा या जंगलातली जुनी झाडं मुळांसकट आडवी झाली आणि काळविटंही मेली. त्याआधी २००४ च्या त्सुनामीत चोळांच्या काळातला म्हणून दाखवला जाणारा विटांचा दीपस्तंभ गेला. कल्कींच्या 'पोन्नियिन सेल्वन' कादंबरीत नाव वल्हवणारी पूंगुळली याच किनाऱ्यावरची, तेव्हा तमिळ पर्यटक त्या दीपस्तंभाची जागा विचारतातच.

किनाऱ्यावर हिवाळ्यात दुसरं एक स्थलांतर असतं, माणसांचं. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत इतर गावांचे मच्छीमार येऊन झावळ्यांच्या झोपड्या घालतात. मासळी उतरली की कुरव आणि ब्राह्मणी घारी डोक्यावर, सुरय पाण्याच्या कडेला, आणि वाळूत सुकत घातलेल्या मासळीभोवती समुद्री खेकड्यांची पळापळ. चालताना वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी दिसते ती चिमुकल्या खेकड्यांच्या जेवणाची उष्टावळ. जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायला येतात आणि वनखातं ती उचलून कुंपणात पुरतं, आपल्या वेळासला करतात तसंच. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक कासवीण २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालताना सापडली. ती बंगालच्या उपसागरातून अरबी समुद्रात गेली ती एकतर लंकेला वळसा घालून किंवा इथल्याच उथळ सामुद्रधुनीतून. कोडियक्करैच्या वाळूवर उभं राहून समोर बघितलं की दुसरी शक्यता मनाला जास्त भावते, पुरावा काही नसला तरी.

परतताना अण्णांना पूर्व किनारा मार्गाने पश्चिमेला, मल्लिपट्टिणमकडे न्यायला सांगावं. तिथे समुद्राला लागून मनोरा आहे, आठ मजली, षट्कोनी. तंजावरच्या सरफोजी राजांनी तो १८१४-१५ मध्ये, नेपोलियनचा पाडाव झाल्याच्या आनंदात बांधला आणि त्यावर मराठीसह अनेक भाषांत लेख कोरवला. इंग्रजांचा मित्र म्हणून बांधलेल्या या इमारतीबद्दल अभिमान बाळगावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण हाच राजा ट्रांकेबारला उतरलेल्या श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या हाताखाली शिकला, लिनियस आणि बुफाँ यांचे दाखले तोंडपाठ देत असे अशी बिशप हेबरची १८२६ ची साक्ष आहे, आणि त्याच्या दरबारातल्या चित्रकारांनी काढलेली पक्ष्यांची-प्राण्यांची चित्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मराठी राजांपैकी कुणी चिखलपक्ष्यांकडे नीट बघितलं असेल तर ते यानेच, असं मी धरून चालतो.

मनोऱ्यासमोरचा समुद्र शांत आणि उथळ असतो. पाण्याखाली समुद्री गवताची कुरणं आहेत. वादळी रात्रीनंतर ते गवत पट्ट्यापट्ट्याने किनाऱ्याला लागतं. त्यावर जगणारी समुद्रगाय, डुगाँग, भारतात आता फार थोडी उरली आहे. गवताशिवाय तिचं दुसरं अन्न नाही आणि श्वास घ्यायला तिला वर यावंच लागतं, त्यामुळे जाळ्यात अडकली तर थोड्या वेळात मरते. २०२२ च्या सप्टेंबरात तंजावर आणि पुदुकोट्टै जिल्ह्यांच्या समुद्रात सुमारे ४४८ चौरस किलोमीटरचं डुगाँग संवर्धन क्षेत्र जाहीर झालं, देशातलं पहिलं. तरी समुद्रगाय वाचते ती बहुतेक वेळा मच्छीमाराने जाळं कापल्यामुळे. जाळं महाग असतं, म्हणून वनखातं अशा मच्छीमारांना बक्षीस देतं. किनाऱ्यावर विचारलं तर ते आपल्या मोबाइलमधला व्हिडिओ काढून दाखवतात: होडीच्या बाजूला मोठं करडं जनावर, चार माणसं सुरीने दोऱ्या कापताहेत, सगळे एकदम ओरडताहेत, आणि मग ते जनावर पाण्याखाली जातं.